जोखीम आमची, निदान तुमचं

"तुम्ही स्वतःला जोखीम घेणारा माणूस समजता का? हो की नाही?"

दोस्तांनो, हा प्रश्न माझा नाही. ब्रिटनमध्ये यूके बायोबँक नावाची संस्था आहे. २००६ ते २०१० या काळात तिने ४० ते ६९ वयाच्या पाच लाख बायापुरुषांचं रक्त घेतलं, वजन-उंची मोजली, आणि पडद्यावर ढीगभर प्रश्न विचारले. त्यातला हा एक. या एका हो-नाहीवर पुढे शास्त्रज्ञांनी मोठमोठे निबंध लिहिले. २०१८ च्या एका निबंधात १,१६,२५५ माणसांचा हिशेब आहे. २९,७०३ म्हणाले हो. बाकीचे ८६,५५२ म्हणाले नाही. मग हो वाल्यांच्या आणि नाही वाल्यांच्या रक्तातली अक्षरं शेजारी शेजारी ठेवून ताडून बघितली.

मी हा प्रश्न आमच्या टोळीत विचारला. गोदीत, जेवणाच्या सुट्टीत, डबे उघडे असताना. सगळे हसले. आमचा म्हातारा मुकादम भाकरी मोडता मोडता बोल्ला, "जोखीम घेतो म्हंजे? ती काय दुकानात मिळते घ्यायला? आपल्याला ती वाटून देतात."

आता हे उत्तर कुठल्या रकान्यात लिहायचं? हो मध्ये की नाही मध्ये?

मी हे का लिहितोय ते सांगतो. गेल्या पावसाळ्याआधी एका जहाजाच्या होल्डात लोखंडाचं भंगार होतं. होल्ड म्हणजे जहाजाचं पोट. ते बरेच दिवस बंद राहिलं की आत लोखंड गंजतं, आणि गंजताना तिथला प्राणवायू खाऊन टाकतं. कोळसा, ओले ओंडके, त्यांचंही तेच. वास नाही, धूर नाही. माणूस शिडीवरून उतरतो आणि त्याचे गुडघे जातात. म्हणून उतरण्याआधी आतली हवा मोजायची असते. मशीन असतं. नियम लिहिलेला असतो. त्या दिवशी मशीन कपाटात, कपाटाला कुलूप, चावी ज्याच्याकडे तो बाहेर गेलेला. जहाज मात्र लवकर रिकामं करायचं होतं. आमच्यातला एक पोरगा उतरला आणि कोसळला. दुसऱ्याने तोंडाला ओलं फडकं बांधलं, कमरेला दोर बांधला आणि त्याच्यामागे उतरला. ओल्या फडक्याने प्राणवायू मिळत नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. वरून आम्ही ओढलं. दोघे वाचले. नशीब म्हणायचं.

संध्याकाळी सुपरवायझर आला. शिकलेला माणूस, इंग्रजी वाचणारा. चौकशी करील वाटलं. तो हसून म्हणाला, "तुम्हा लोकांना भीतीच नसते रे. ते जीन्समध्येच असतं. मी वाचलंय. जोखीम घ्यायचे जीन्स आणि डोकं फिरायचे जीन्स एकच. म्हणून तर तुमच्याकडे दारू, मारामाऱ्या, येडेपणा."

कपाटाच्या चावीचा विषय तिथेच संपला. चावी आमच्या रक्तात सापडली!

मी मॅट्रिक. पण वाचता येतं. कॉलेजातल्या एका दोस्ताला धरलं, इंग्रजी कागद त्याच्याकडून समजून घेतले. बघू या म्हटलं, साहेबाने काय वाचलं आणि काय गिळलं.

*

आधी शास्त्राला त्याचं माप देऊ. न वाचता शिव्या देणं आपल्याला शोभत नाही.

२०१८ चा निबंध सांगतो की जोखीम घेतो म्हणणाऱ्यांत पुरुष जास्त, विडी-सिगारेट ओढणारे जास्त, आणि ज्यांना कधी ना कधी मानसिक आजार झाला असे जास्त. जनुकांच्या दोन जागा ठळक सापडल्या. एक तिसऱ्या गुणसूत्रावर, सीएडीएमटू नावाच्या जनुकापाशी. दुसरी सहाव्यावर, आणि तिचा अर्थ नीट लावता येत नाही, असं ते स्वतःच लिहितात. शिवाय जोखमीकडे थोडं झुकवणारी जी अक्षरं, त्यांतली काही स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि एडीएचडी या आजारांकडेही थोडं झुकवतात. मोठ्या आघातानंतर मन मोडतं त्या आजाराशीही नातं निघालं. साहेब इथपर्यंत बरोबर होता. हे खोटं नाही.

२०१९ साली त्याहून मोठा निबंध आला, दहा लाखांच्या वर माणसांचा. त्यात एक-दोन जागा नव्हे, ९९ जागा सापडल्या. म्हणजे साहेब म्हणतो तसला एक जीन कुठेच नाही. जहाज एका माणसाने रिकामं होत नाही. शेकडो हात लागतात आणि एकेकाचा वाटा चिमूटभर. इथे तसंच आहे. आणि सगळ्या अक्षरांची बेरीज करून माणसाचा आकडा काढला, तर माणसामाणसांतल्या जोखमीच्या फरकापैकी किती भाग उलगडतो? सुमारे १.६ टक्के. शंभरातले दीड. बाकीचे साडेअठ्ठ्याण्णव या आकड्याच्या हाताला लागत नाहीत.

आणखी एक. पूर्वी मोठा डांगोरा होता की डोपामाइनचं अमुक जनुक माणसाला धाडसी करतं. १९९६ पासून तशा बातम्या येत होत्या. २०१९ च्या अभ्यासात त्या जुन्या लाडक्या जनुकांना विशेष पाठिंबा मिळाला नाही. मेंदूतल्या ग्लुटामेट आणि गाबा या दुसऱ्याच रसायनांकडे बोट गेलं. शास्त्र असं स्वतःचं जुनं खोडतं. सनातन धर्मापेक्षा ते बरं, ते याचसाठी.

आणि ज्यांचं रक्त तपासलं ते कोण? युरोपी वंशाचे लोक. यूके बायोबँकेने ज्यांना ज्यांना बोलावलं त्यांतले शंभरातले साधारण साडेपाचच आले. जे आले ते सरासरीपेक्षा धडधाकट, सरासरीपेक्षा बऱ्या वस्तीतले. तिथल्या मोकळ्या खुर्चीवर बसून कुणी हो म्हणाला, त्याच्या मनात गाडी वेगात हाकणं असेल, सट्टा असेल, बर्फावरून घसरणं असेल. त्या हो चा आमच्या होल्डाशी संबंध काय? तिकडच्या गोऱ्या माणसांमधला आपसातला फरक मोजला, आणि इकडे साहेबाने त्याच्या पट्टीने दोन जातींमधला फरक मोजून टाकला. अभ्यासाने हे केलेलं नाही. एका गटातल्या फरकाची पट्टी दुसऱ्या गटाला लावता येत नाही. हे साहेबाने केलं. साहेबाच्या आजोबाने पूर्वजन्मीचं पाप सांगितलं होतं, नातू जीन्स सांगतो. पोथी बदलली, कावा तोच.

*

ही रक्त वाचण्याची धंदेवाईक परंपरा जुनी आहे. तिची वंशावळ मांडतो.

१८५१. अमेरिकेतलं लुइझियाना. सॅम्युअल कार्टराइट नावाचा डॉक्टर. त्याने एक नवा रोग शोधला, ड्रॅपेटोमॅनिया. लक्षण काय? गुलाम मालकाकडून पळून जातो! कुत्री मागे लागतील, पकडला तर कातडं सोलतील, तरी पळतो. एवढी जोखीम शहाणा माणूस घेईल का, म्हणून हा रोग. उपाय? चाबूक. त्याच डॉक्टरने दुसराही रोग काढला. गुलाम काम नीट करत नाही, सुस्त राहतो, अवजारं मोडतो, तोही रोग. बघा दोस्तांनो. पळाला तर येडा, नाही राबला तर येडा. मालकासाठी मुकाट राबतो तेवढाच निरोगी.

१८७१. आपला देश. इंग्रज सरकारचा गुन्हेगार जमाती कायदा. आईच्या पोटातून बाहेर पडलास की गुन्हेगार. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. पुढे हे जाळं मुंबई इलाख्यातही पसरलं. सोलापूरची सेटलमेंट ठाऊक असलेली म्हातारी माणसं परवापरवापर्यंत होती. पारधी, कैकाडी, बेरड, यांच्या बापजाद्यांनी तारेच्या आत दिवस काढले. तेव्हा जीन शब्द नव्हता, म्हणून वंशपरंपरागत स्वभाव म्हणायचे. १९५२ साली कायदा गेला. पोलिसाच्या डोक्यातून गेला का? पारधी वस्तीत जाऊन विचारा.

१९६७. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात काळ्यांचा उठाव झाला. बॉस्टनच्या तीन डॉक्टरांनी, मार्क, स्वीट आणि एर्विन यांनी, तिथल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा असा: झोपडपट्टीत गरिबी तर सगळ्यांनाच असते, पण दगड थोडेच उचलतात. मग त्या थोड्यांच्या मेंदूत बिघाड नाही ना, ते शोधा. काय तर्क आहे! वस्ती कुणी सडवली याचा शोध नको. जो सडायला नाही म्हणाला त्याची कवटी उघडा.

१९६८. ब्रॉमबर्ग आणि सायमन या दोन मानसोपचारवाल्यांनी 'निषेधाचा उन्माद' अशा अर्थाचं नावच दिलं. काळ्या लोकांच्या चळवळीतून स्किझोफ्रेनियासारखी लक्षणं येतात, असं म्हणे. पुढे जोनाथन मेट्झल या मानसोपचारतज्ज्ञाने मिशिगन राज्यातल्या आयोनिया इस्पितळाचे जुने कागद उपसले. त्यांतून काय निघालं? आधी स्किझोफ्रेनिया हा बहुतेक शांत गोऱ्या बायकांचा आजार समजला जायचा. साठीच्या दशकात तोच आजार रागावलेल्या काळ्या पुरुषांच्या केसपेपरवर चढला. आजाराचं वर्णनच बदललं. संशय, वैर, आक्रमकपणा त्यात आले. १९७४ साली हॅल्डॉल या औषधाच्या जाहिरातीत शहरातला एक काळा माणूस दाखवला, मूठ आवळलेला. ती मूठ कुणाची, ते आपल्याला सांगायला नको. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली, तिचं नाव १९७२ साली मुंबईच्या पोरांनी घेतलं. ती मूठ आपल्या घरातली आहे. आणि तिच्यावर इंजेक्शनाची जाहिरात!

लाल झेंडेवाल्या मित्रांनी लगेच खुश होऊ नये. सोव्हिएत रशियात प्योत्र ग्रिगोरेंको नावाचा जनरल होता. तो हाकललेल्या क्रिमियन तातारांच्या बाजूने बोलला, सरकारविरुद्ध बोलला. १९६४ साली आणि पुन्हा १९६९ साली त्याला येडा ठरवून डांबलं. सत्ता कुठल्याही रंगाची असो, तिच्या खिशात एक डॉक्टर असतो.

२००६. न्यूझीलंड. तिथल्या मूळ माओरी लोकांत एमएओए नावाच्या जनुकाचा अमुक प्रकार जास्त सापडतो, असं एका संशोधकाने सांगितलं. वर्तमानपत्रांनी त्याला 'लढवय्या जनुक' करून टाकलं. जोखीम, जुगार, हाणामारी, सगळं त्या एका जनुकावर. जमीन कुणी घेतली, भाषा कुणी मारली, ते सगळं गुंडाळून ठेवलं. माओरी लोक आणि तिथलेच दुसरे शास्त्रज्ञ चिडून उठले, तेव्हा कुठे आवाज खाली आला.

हे आमच्या साहेबाचं गोत्र. त्याला ते ठाऊक नाही, एवढंच.

*

आता एक हिशेब मी मांडतो.

१९ मार्च १९२७ ला महाडला आपली माणसं जमली. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागे चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. हजारो माणसं. मार पडेल हे माहीत होतं. पडलाही, डोकी फुटली. याहून मोठी जोखीम कुठल्या बायोबँकेने मोजली आहे? आता सांगा, त्यांच्या आज्या-पणज्यांनी शेकडो वर्षं त्या तळ्याकडे लांबून बघितलं. रक्त तेच. अक्षरं तीच. एका रात्रीत हजारो माणसांचे जीन्स बदलले काय? रक्त नाही बदललं. नेता मिळाला, संघटना मिळाली, शेजारी उभा राहणारा माणूस मिळाला, आणि नगरपालिकेचा ठराव आपल्या बाजूचा आहे हे कळलं. एकट्याची जोखीम हजारांनी वाटून घेतली की ती एकेकाच्या वाट्याला उचलण्याइतकी होते. हे शास्त्र कुठल्या गुणसूत्रावर शोधणार?

उलटं बघा. गटारात कोण उतरतं? माणसाने हाताने मैला उचलू नये म्हणून १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. २७ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कोर्टाने ३० लाख केले. रक्कम वाढवायची पाळी का आली? माणसं उतरत राहिली, मरत राहिली म्हणून. मेलेल्यांची आडनावं वाचा, जात कळेल. ही माणसं काय 'जोखीमप्रिय' होती? त्यांना कुणी विचारलं होतं, हो की नाही?

आणि खरे जोखीमबहाद्दर? २००८ साली न्यूयॉर्कच्या बँकांनी दुसऱ्यांच्या पैशावर जुगार खेळला. लेहमन ब्रदर्स बुडाली, जगभर लोकांची घरं आणि नोकऱ्या गेल्या. त्यांच्या मेंदूत बिघाड आहे का बघा, असं पत्र कुठल्या डॉक्टरने लिहिलं? त्यांच्या जातीला कुणी हजेरी लावायला बोलावलं? त्याला उद्योजकता म्हणतात. नफा त्याचा, म्हणून धाडस. तोटा आपला, म्हणून रोग.

हे सगळं गोऱ्यांचं, लांबचं, असं समजू नका. २०२२ साली दिल्लीत फौजदारी ओळखीचा कायदा पास झाला. अटक झालेल्याची मापं, बोटांचे ठसे, डोळ्यांच्या खुणा, रक्तबिक्ताचे नमुने आणि त्यांचं पृथक्करण, एवढंच काय 'वर्तनाची लक्षणं' असा शब्दही त्यात आहे. नोंद ७५ वर्षं ठेवायची. अटक आधी कुणाला होते? मोर्चात पुढे कोण असतो? उद्या कुणी अर्धवट शहाणा त्या नोंदींवर १.६ टक्क्यांची पट्टी ठेवील आणि म्हणेल, बघा, हे बीजच असं. तेव्हा ओरडण्यापेक्षा आज वाचा.

बाबासाहेबांनी काय केलं ते आठवा. गोरे साहेब नाकं मोजत फिरले, नाकावरून वंश ठरवत होते. बाबासाहेबांनी ती मापं फेकून दिली नाहीत. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये तीच मापं घेतली, ब्राह्मणाचं नाक आणि अस्पृश्याचं नाक शेजारी ठेवलं, आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे हा सिद्धांत त्याच मापांनी आडवा केला. आपली पद्धत ही. पट्टी त्यांच्याच हातातून घ्यायची आणि त्यांच्यासमोर मोजून दाखवायचं.

*

इथे मला थांबता आलं असतं. टाळ्याही मिळाल्या असत्या. पण हे लिहिताना एक चेहरा सारखा समोर येतोय, आणि तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीचा आहे. नाव लिहीत नाही.

आमचा एक दोस्त. कार्यकर्ता, गाणारा, भिंती रंगवणारा. एका वर्षी त्याला झोप येईना. चार-चार रात्री जागा. एका रात्रीत चाळीस पोस्टर. बोलायला लागला की थांबत नसे. पगार सगळा वाटून टाकला, वर कर्ज काढून लाऊडस्पीकर आणला. मोर्चात पोलिसांच्या गाडीच्या टपावर चढला. आम्ही काय केलं? शिट्ट्या मारल्या. वाघ म्हणालो. पुढच्या मोर्चात मुद्दाम त्याला पुढे घातला, कारण तो मागे सरायचाच नाही.

मग एक दिवस तो पडला. खोलीत भिंतीकडे तोंड करून. अन्न नाही, अंघोळ नाही. मरायचं बोलायचा. आम्ही दोनदा गेलो. तिसऱ्यांदा कुणी गेलं नाही. कुणीतरी म्हणालं, फुटला. कुणी म्हणालं, मध्यमवर्गीय झाला. आई त्याला भगताकडे घेऊन गेली. गंडा बांधला, लिंबू उतरवलं. त्याचा मामाही असाच होता, एके दिवशी घरातून निघून गेला तो आला नाही, हे तेव्हा तिने सांगितलं. शेवटी धाकट्या बहिणीने त्याला हाताला धरून सरकारी इस्पितळात नेला. रांगेत पाच तास. डॉक्टर म्हणाला, बायपोलर. लिथियमच्या गोळ्या दिल्या. आज तो कामावर जातो. गाणं म्हणतो, पण कमी. ठरल्या दिवशी रक्त तपासायला जातो. लिथियम रक्तात कमी पडलं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर विष, म्हणून. त्या नळीत डॉक्टर त्याची जात बघत नाही, क्षाराचं प्रमाण बघतो. रक्ताची तपासणी अशीही असते.

आता मी त्याला काय सांगू? आजार हा बामणी कावा आहे म्हणून? बायपोलरमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून ते वारंवार दिसलंय. त्याचा मामा त्याला साक्षी आहे. उन्मादाच्या झटक्यात जोखमीचं भान सुटतं, हे त्या आजाराचं लक्षणच आहे. ज्या शास्त्राने साहेबाला बहाणा दिला, त्याच शास्त्राने माझा दोस्त वाचवला.

आणि आम्ही? साहेब आमच्या धाडसाला रोग म्हणाला, म्हणून आम्ही चिडलो. आम्ही त्याच्या रोगाला धाडस म्हणालो. कार्टराइटचा चाबूक आमच्या हातात नव्हता, पण आम्ही त्याचं दुखणं वापरून घेतलं. टपावर चढायला माणूस पाहिजे होता, तो फुकट मिळाला. पडला तेव्हा उचलायला बहीण लागली. जिला आम्ही एकाही बैठकीला कधी बोलावलं नव्हतं.

याची लाज वाटली पाहिजे. मला वाटते, म्हणून लिहितोय.

बंड आणि आजार यांत फरक कसा करायचा? मी डॉक्टर नाही. पण महाडच्या गोष्टीतून एक कळतं. बंडखोर जोखीम मोजतो, दुसऱ्यांशी बोलतो, शेजारी माणूस आहे का बघतो, परतायची वाट ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशीही तेच म्हणतो. झटक्यातला माणूस मोजू शकत नाही, झोपू शकत नाही, आणि थांब म्हटलं तर थांबूच शकत नाही. दोघांमध्ये शंका आली तर शिट्टी मारायची नाही. जवळ बसायचं. झोप किती झाली ते विचारायचं. इस्पितळाच्या रांगेत उभं राहायचं. त्या रांगेतही चळवळ असते.

आणि हातात कायदा आहे, तो वापरा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ३ पाठ करा. माणसाची राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक पत, तो कुठल्या समूहातला, समाजाच्या रूढ मूल्यांना किंवा राजकीय मतांना तो जुमानतो की नाही, यावरून त्याला मानसिक रोगी ठरवता येणार नाही. ही एक धार. त्याच कायद्याच्या कलम १८ ने सरकारी खर्चाच्या दवाखान्यात मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिलाय. ही दुसरी धार. एका धारेने साहेबाचं तोंड बंद करायचं, दुसरीने आपल्या माणसाला गोळ्या मिळवून द्यायच्या. एकच धार वापरली तर आपलाच हात कापतो.

वस्तीवस्तीत मंडळं आहेत, जयंतीला डीजे लावायला वर्गणी निघते. त्याच वर्गणीतून दर महिन्याला चार माणसांच्या गोळ्यांचा आणि बसभाड्याचा खर्च निघेल. बहिणींना बैठकीत बसवा, कोण रात्री झोपत नाही ते त्यांना आधी कळतं. पोरांनो, जीवशास्त्र शिका. आर्ट्सला जाऊन कवीच व्हायला पाहिजे असं काही नाही, कवी आम्ही आहोत पुरेसे. रक्तातली अक्षरं वाचणारे आपल्यातून निघाले पाहिजेत, नाहीतर ती आपल्याला कायम दुसरा कुणीतरी वाचून दाखवील.

साहेब, आता तुमच्याकडे येतो. मी तुमचा निबंध वाचला. ९९ जागा वाचल्या, १.६ टक्के वाचले. त्या ९९ जागांत कपाटाच्या चावीची जागा कुठे सापडली नाही. ती तुमच्या टेबलाच्या खणात असते. उद्यापासून होल्ड उघडला की आधी मशीन बाहेर येईल, हवा मोजली जाईल, मगच टोळी उतरेल. सगळी टोळी मिळून आम्ही हे ठरवलंय. मजुरी कापा, काढून टाका. जोखीम आहे, माहीत आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हवं ना? लिहून घ्या, हो. ही जोखीम आम्ही घेतली. पहिल्यांदा, मोजून, सगळ्यांनी मिळून.

जय भीम.